झोपेतल्या मेंदूचा आलेख

आमचे वडील इचलकरंजीला, राहत्या घरी, पहाटे झोपेतच गेले. वय ५६. दारात जमलेली माणसे म्हणत होती, "पुण्यवान माणूस! झोपेतच गेले, कुणाला त्रास नाही." वडिलांच्या घोरण्यावर आमच्या गल्लीत विनोद चालत. उन्हाळ्यात ते गच्चीवर झोपले की समोरच्या माडीवरून कुणीतरी हाक मारी, "अहो, माग बंद करा!" आम्हीही हसत असू. मधूनच त्यांचे घोरणे एकदम थांबे, सगळे शांत होई आणि मग ते मोठ्या आचक्याने पुन्हा सुरू होई. त्या शांततेकडे मात्र आमच्यापैकी कुणी कधी लक्ष दिले नाही.

या सदरात मी एरवी अनिवासी खाती आणि मुदत ठेवींवर लिहितो. आरोग्यावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण गेल्या वर्षी एक रात्र मी डोक्याला तारा लावून घालवली, आणि त्या तारांमधून निघालेली माहिती वाचणे हे माझ्या धंद्याच्या जवळचे काम निघाले. संपादकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, तेच लिहा. म्हणून हा लेख. औषधोपचाराचा निर्णय वाचकांनी आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा, हे वेगळे सांगायला नको.

आम्ही अस्करला राहतो. मंडळाच्या बहुतेक सभासदांनी हे नाव अल्बाकडे जाताना रस्त्यावरच्या पाटीवरच वाचले असेल. समुद्राकाठचे मच्छीमारांचे जुने गाव आणि त्याच्या शेजारी कारखान्यांचा पट्टा. या पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या नियंत्रण-यंत्रणेचे सॉफ्टवेअर सांभाळणे हे माझे काम. रात्री-अपरात्री फोन येतो, कधी सलग आठवडाभर रात्रपाळी लागते. त्यामुळे दिवसा पेंग येते याचे मला नवल वाटत नव्हते. सकाळी डोके जड, रात्रीतून तीनदा लघवीला उठणे, दुपारच्या बैठकीत डोळ्यांवर झापड, या सगळ्याचा दोष मी पाळीला देत होतो. आमच्याकडे पाळीतली सगळीच माणसे जांभया देतात. चारचौघांत जांभई देणारा आजारी कसा वाटणार?

मग एका दुपारी मुलाला शाळेतून घेऊन येत होतो. सरळ रस्ता, डावीकडे-उजवीकडे रेती, गाडीत वातानुकूलन. पुढचे मला आठवत नाही. आठवते ते एवढेच की गाडी खडखडते आहे आणि मागच्या सीटवरून आमचे सात वर्षांचे चिरंजीव विचारत आहेत, "बाबा, आपण वाळूत कशाला आलो?" समोर विजेचा खांब होता, पण बऱ्याच अंतरावर. गाडी रेतीनेच थांबवली. मी मुलाला काय उत्तर दिले तेही आता आठवत नाही.

त्या रात्री हिला सांगितले. ही थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "अहो, मी रात्री मोजत असते. चाळीसपर्यंत मोजून होते, तरी तुमचा श्वास येत नाही. मग हलवते." हे ती कित्येक महिने करत होती. मला बोलली होती, पण मी ते हसण्यावारी नेले होते. या वेळी तिने फोनवर केलेले ध्वनिमुद्रण ऐकवले. ते ऐकताना मला इचलकरंजीची गच्ची आठवली. तोच आवाज, तोच खंड, तोच आचका.

पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेलो तिथे पाच मिनिटांत झोपेच्या गोळ्या मिळाल्या. "रात्री जाग येते" एवढेच मी सांगितले होते, ही माझीही चूक. त्या दोन आठवड्यांत दिवसाची झापड आणखी वाढली. नंतर कळले की अशा बऱ्याच गोळ्यांनी, आणि दारूनेही, घशाचे स्नायू अधिक सैल पडतात. श्वास अडकणाऱ्या माणसाला त्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेणे धोक्याचे ठरू शकते. दुसऱ्या वेळी फुप्फुसविकारतज्ज्ञांकडे गेलो आणि हिलाही आत घेऊन गेलो. हा उपाय मी सर्वांना सुचवीन. झोपणाऱ्याला आपल्या झोपेबद्दल काहीच ठाऊक नसते. साक्षीदार शेजारी असतो.

त्या डॉक्टरांनी आधी एक प्रश्नावली भरून घेतली. ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये ती तयार केली आणि तिला 'एपवर्थ श्रेणी' म्हणतात. आठ प्रसंग दिलेले असतात, जसे वाचताना, दूरदर्शन पाहताना, जेवणानंतर शांत बसले असता, सिग्नलला गाडी थांबली असता. त्या प्रसंगी डुलकी लागण्याचा संभव किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण २४. दहाच्या वर गेलात तर झोप प्रमाणाबाहेर येते असे समजतात. मला १७ मिळाले. शाळेनंतर इतके चांगले गुण प्रथमच, असे मी म्हणालो. डॉक्टर हसले नाहीत.

श्वास का अडकतो

झोपेत सर्वच स्नायू सैलावतात, घशाचेही. काहींचा घसा मुळात अरुंद असतो. मानेभोवती चरबी असते, जबडा मागे असतो, टॉन्सिल मोठे असतात. अशा घशात जीभ आणि मऊ टाळू मागे पडले की वाट चिंचोळी होते. त्यातून हवा फडफडत जाते ते घोरणे. वाट पूर्ण मिटली की छाती वरखाली होत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो. मग मेंदू गडी हाकलावा तसा स्नायूंना जागे करतो, घसा उघडतो, आचका बसतो आणि माणूस पुन्हा झोपतो. ही जाग काही सेकंदांची असते, म्हणून सकाळी तिची आठवण राहत नाही. पण झोप मात्र मोडलेली असते. रात्रभर दर दोन मिनिटांनी कुणी खांद्याला धरून हलवावे तसा हा प्रकार आहे. या विकाराला 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात. त्याचा संबंध उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशी आढळला आहे.

हा लठ्ठ, श्रीमंत पाश्चात्त्यांचा रोग असावा असा माझा समज होता. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न घेतला. नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना त्यांनी प्रश्न विचारले आणि त्यांतल्या २५० जणांची घरी झोपेत तपासणी केली. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेत श्वासात बिघाड असणाऱ्यांचे अंदाजे प्रमाण १९.५ टक्के आणि त्याबरोबर दिवसा अतिझोप असणाऱ्यांचे ७.५ टक्के निघाले. म्हणजे आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या एका पंगतीत शंभर मध्यमवयीन पुरुष बसले तर त्या हिशेबाने वीसेक जणांचा श्वास रात्री अडखळत असणार. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतले, आणि आपल्याकडच्या अनेकांनी ते प्रथमच ऐकले.

तीस सेकंदांचे पान

मेंदूत वीज खेळते हे इंग्लंडमधील रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये प्राण्यांवर दाखवले होते. माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख जर्मनीत येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये घेतला आणि पाच वर्षे पडताळा घेऊन १९२९ मध्ये तो छापला. झोपेचे टप्पे आलेखावरून प्रथम मांडले ते आल्फ्रेड लूमिस या अमेरिकन गृहस्थांनी, १९३७ मध्ये. हे गृहस्थ धंद्याने वित्तव्यवसायी. शेअरबाजारात पैसा मिळवला आणि घरातच प्रयोगशाळा काढली. आमच्या सदराचे नाव 'आरोग्य व अर्थ' ठेवणाऱ्यांना ही माहिती आवडेल.

खरा शोध पुढचा. शिकागो विद्यापीठात नॅथनिएल क्लाइटमन यांचे विद्यार्थी यूजीन असेरिन्स्की यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला, एका जुन्या यंत्राला जोडून रात्रभर आलेख घेतले. मधूनच कागदावर डोळ्यांच्या वेगवान हालचाली उमटत. त्यांना वाटले यंत्र बिघडले. यंत्र ठीक होते. झोपलेल्या मुलाचे डोळे पापण्यांखाली खरेच भिरभिरत होते आणि त्याचा मेंदू जागेपणासारखा चालला होता. १९५३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्या अवस्थेतून उठवलेली माणसे बहुधा स्वप्न सांगतात. आपल्या मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती असे वेगळे पदर सांगितले आहेत. स्वप्नाची झोप आणि गाढ झोप या वेगळ्या अवस्था असल्याची कागदावरची खूण अशी विसाव्या शतकाच्या मध्यावर मिळाली.

त्या काळी कागद सेकंदाला दहा मिलिमीटर वेगाने सरके. ३० सेंटिमीटरच्या पानावर ३० सेकंद मावत. १९६८ मध्ये रेख्टशाफेन आणि केल्स यांनी टप्पे ठरवण्याची नियमावली काढली, तेव्हा मोजमापाचे एकक तेच, ३० सेकंदांचे, मानले गेले. आज कागद नाही, सगळे संगणकावर आहे. अमेरिकन निद्रावैद्यक संस्थेने २००७ मध्ये नवी नियमावली काढली, तरी पान मात्र ३० सेकंदांचेच राहिले. आठ तासांची झोप म्हणजे ९६० पाने. कागद असता तर २८८ मीटर लागला असता. जुन्या यंत्राची एक मर्यादा नव्या यंत्रात कशी घर करून राहते, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना नवे नाही.

माझी रात्र

मनामातील एका खाजगी रुग्णालयात रात्री नऊला हजर व्हायचे होते. सूचना अशा: दुपारी झोपू नये, दुपारनंतर चहा-कॉफी नको, केसांना तेल लावू नये. शेवटची सूचना आमच्यासाठी महत्त्वाची, कारण तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड नीट बसत नाहीत. नेहमीची औषधे मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नसतात, विचारायचे. खोली साध्या लॉजसारखी होती. पलंग, पंखा, भिंतीवर कॅमेरा.

तंत्रज्ञ बाई केरळच्या होत्या. त्यांनी फितीने माझे डोके मापले. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्यापर्यंत अंतर घेऊन त्याचे दहा-वीस टक्क्यांचे भाग पाडतात आणि ठरलेल्या बिंदूंवर खुणा करतात. त्यामुळे लहान-मोठे कुठलेही डोके असो, बहरीनमधला आलेख आणि मिरजेतला आलेख एकाच जागेचा निघतो. प्रत्येक जागी कातडी जराशी घासून, मलम लावून कपासारखा छोटा इलेक्ट्रोड चिकटवला. घासणे का, तर कातडीचा विरोध पाच हजार ओहमच्या खाली आणायचा असतो. टॉर्चची पेन्सिल सेल दीड व्होल्टची असते. गाढ झोपेतल्या मोठ्या लाटा ७५ मायक्रोव्होल्टच्या, म्हणजे त्या सेलच्या वीस हजाराव्या भागाइतक्या. एवढा बारीक संकेत पकडताना भिंतीतल्या विजेची गुणगुणसुद्धा आत शिरते. म्हणून ५० हर्ट्झची गाळणी लावतात. (पुलापलीकडे सौदीत ती ६० ची लावावी लागते, कारण तिथली वीज ६० हर्ट्झची.)

डोक्याशिवाय डोळ्यांच्या बाजूला, हनुवटीवर आणि दोन्ही पायांच्या नडग्यांवर इलेक्ट्रोड. छातीवर हृदयाचे. छाती आणि पोटाभोवती पट्टे, नाकाशी श्वासाची नळी, बोटावर प्राणवायू मोजणारा चिमटा. मला वाटले, असा बांधल्यावर झोप कसली येणार. "सब को आती है," त्या म्हणाल्या. नव्या जागी पहिल्या रात्रीची झोप थोडी बिघडतेच, हे डॉक्टरांनाही ठाऊक असते आणि ते धरूनच अर्थ लावतात. पावणेअकराला पाच मिनिटे कमी असताना दिवा मालवला. आधी शेजारच्या खोलीतून ध्वनिक्षेपकावर सूचना आल्या: डोळे मिटा, डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा, पाय हलवा. प्रत्येक तार बरोबर लागली आहे ना, याची ही खात्री. आम्ही कारखान्यात नवा संवेदक जोडला की नेमके हेच करतो.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी मला बाजूला बसवून पडद्यावर पाने उलगडून दाखवली. जागेपणी डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ अशा नियमित लाटा येतात. झोपेच्या उंबरठ्यावर त्या मावळतात आणि संथ, ४ ते ७ च्या येतात. दुसऱ्या टप्प्यात मधूनच दाट, वेगवान लाटांचा छोटासा पुंजका दिसतो. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. इंग्रजीत त्याला चातीचेच नाव आहे, आणि सूतगिरणीच्या गावात वाढल्याने मला ते नाव सांगावे लागले नाही. तिसरा टप्पा ढाराढूर झोपेचा. सेकंदाला दोनाहून कमी, उंच, आळसावलेल्या लाटा. आणि स्वप्नझोपेत मेंदूच्या लाटा बारीक आणि वेगवान, डोळे भिरभिरते, हनुवटीचा आलेख मात्र सपाट, कारण त्या वेळी शरीराचे बहुतेक स्नायू लुळे असतात. हे चक्र साधारण ९० मिनिटांचे. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात अधिक आणि स्वप्नझोप पहाटेकडे. आपली साखरझोप ती हीच.

माझ्या पानांवर हे चक्र जागोजागी तुटलेले होते. चाती उमटते, लाटा उंचावू लागतात, तेवढ्यात श्वासाची रेघ सपाट. छाती-पोटाचे पट्टे उलटसुलट ओढले जातात, प्राणवायूची रेघ खाली घसरते आणि मग मेंदूच्या सगळ्या तारांवर एकदम जागेपणाच्या लाटांची गर्दी. तीन सेकंद किंवा अधिक अशी गर्दी झाली की तिला 'जाग' म्हणून नोंदतात. पान उलटले की पुन्हा तेच. डॉक्टर पाने पुढे नेत होते आणि मी वडिलांचे वय मनात मोजत होतो.

आकडे असे. नोंद ४६० मिनिटांची, त्यात झोप ३४८ मिनिटे. गाढ झोप फक्त ११ मिनिटे, म्हणजे तीन टक्के; माझ्या वयाला १५ ते २० टक्क्यांच्या आसपास असायला हवी. स्वप्नझोप ४२ मिनिटे. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबणे किंवा बराच मंदावणे, अशा घटना १९७. सर्वांत लांब थांबा ५२ सेकंदांचा, पहाटे स्वप्नझोपेत. प्राणवायूची सर्वांत खालची पातळी ७८ टक्के.

मेंदूचा आलेख कशासाठी?

इथे वाचकांना, विशेषतः पैसे मोजणाऱ्यांना, एक रास्त प्रश्न पडेल. श्वासाचाच रोग आहे, तर डोक्याला तारा कशाला? घरी नेऊन वापरायचे छोटे यंत्र स्वस्त मिळते. त्यात श्वास, पट्टे आणि प्राणवायू एवढेच असते.

उत्तर भागाकारात आहे. रोगाची तीव्रता तासाला किती घटना यावरून ठरते. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. माझ्या १९७ घटनांना झोपेच्या ५.८ तासांनी भागले तर ३४ येतात, म्हणजे तीव्र. पण मेंदूचा आलेख नसलेल्या यंत्राला मी केव्हा झोपलो आणि केव्हा छताकडे पाहत पडलो हे कळत नाही. ते सबंध नोंदीच्या ७.६७ तासांनी भागणार आणि २६ सांगणार, म्हणजे मध्यम. शिवाय ज्या घटनांत प्राणवायू फारसा उतरत नाही, पण मेंदूला जाग मात्र येते, त्या घटना अशा यंत्राला दिसतच नाहीत. छेद चुकला की उत्तर चुकते. याचा अर्थ घरगुती चाचणी वाईट असा नाही. लक्षणे ठळक असतील आणि इतर गुंतागुंतीचे आजार नसतील तर डॉक्टर तीच आधी सांगतात, आणि तीत रोग आढळला तर काम भागते. मुंबईचा वर सांगितलेला अभ्यासही घरच्या चाचणीवरच झाला. पण घरच्या चाचणीत काही आढळले नाही आणि दिवसाची झापड कायम असेल, तर तेवढ्यावर थांबू नये.

काही विकार तर मेंदूच्या आलेखाशिवाय सापडतच नाहीत. नार्कोलेप्सीत माणूस दिवसा एकाएकी झोपतो. तिथे रात्रीच्या चाचणीनंतर दिवसा दर दोन तासांनी चार-पाच डुलक्या घ्यायला लावतात आणि स्वप्नझोप किती लवकर येते ते पाहतात. काही वयस्कर माणसे झोपेत हातपाय झाडतात, शेजाऱ्याला ठोसा मारतात. त्यांच्यात स्वप्नझोपेत हनुवटीची रेघ सपाट राहत नाही, आणि पुढे कंपवातासारखा आजार होण्याची ती कधीकधी पूर्वसूचना असते. उलट, नुसती झोप न येणे या तक्रारीसाठी ही चाचणी सहसा लागत नाही. तिच्यासाठी खर्च करण्याआधी डॉक्टरांना दोनदा विचारावे.

पाळीत काम करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. चाचणीची वेळ ठरवताना आपली पाळी सांगावी. क्लाइटमन १९३८ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर केंटकीतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले होते आणि २८ तासांचा दिवस अंगवळणी पडतो का ते पाहत होते. तरुण सहकाऱ्याला तो जमला, त्यांना स्वतःला नाही. शरीरातले घड्याळ हाजिरीपुस्तक पाहत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यातच चाचणी केली तर दोष घड्याळाचा की घशाचा हे वेगळे करणे अवघड जाते. मी दिवसपाळीचा दुसरा आठवडा निवडला.

यंत्र आणि हिशेब

उपाय म्हणून मला सीपॅप यंत्र मिळाले. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. नाकावर मुखवटा, त्यातून थोड्या दाबाची हवा. ती फुप्फुसात हवा कोंबत नाही, घसा मिटू नये म्हणून आतून टेकू देते. दुसऱ्या एका रात्री पुन्हा तारा लावून माझा दाब ठरवला, पाण्याच्या ९ सेंटिमीटरइतका. सरबताच्या पेल्यात नळी ९ सेंटिमीटर बुडवून बुडबुडे काढायला लागतो तेवढा. त्या रात्री घटना तासाला ३ वर आल्या. घरी यंत्र लावून झोपलो त्या पहिल्या रात्री ही दोनदा दचकून उठली. आवाजच नाही म्हणून माझ्या छातीवर हात ठेवून पाहिला, असे सकाळी म्हणाली.

यंत्र सुखाचे आहे असे नाही. पहिला महिना मी रात्री ते काढून फेकत असे. मुखवट्याचे माप चुकले होते, ते बदलल्यावर जमले. आपल्याकडे शमाल वारा सुटला की गाळणीचे कापड पंधरा दिवसांतच करडे पडते. आर्द्रतेच्या टाकीत डिस्टिल्ड पाणीच घालावे. वजन घटवणे, कुशीवर झोपणे याचा अनेकांना उपयोग होतो आणि सौम्य रोगात खालचा जबडा पुढे धरणारे दंतसाधनही चालते. माझे वजन सात किलो उतरले, तरी यंत्र सुटलेले नाही.

आता पैशाचे. चाचणीचा खर्च माझ्या निम्म्या घरभाड्याहून अधिक झाला. कंपनीच्या विम्याने तो दिला, पण डॉक्टरांची लेखी शिफारस आणि आगाऊ मंजुरी असल्यामुळेच. मंजुरी आधी, चाचणी नंतर, हा क्रम उलटला की पैसे अडकतात. यंत्र विम्यात बसले नाही. भारतात ते मला स्वस्त पडत होते, आणि दोन्हीकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असल्याने अडचणही नव्हती. तरी मी इथेच घेतले, कारण मुखवटा दोनदा बदलून मिळाला आणि हमीसाठी विमानाने धावावे लागत नाही. कुणी जुने यंत्र स्वस्तात देत असेल तर सावध असावे. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आतला आवाजरोधक फोम झडू शकतो म्हणून आपली लक्षावधी यंत्रे परत बोलावली होती. यंत्राचा क्रमांक त्या यादीत नाही ना, हे पाहिल्याशिवाय दिनार मोजू नयेत.

आई-वडिलांसाठी भारतात आरोग्यविमा घेतलेल्यांनी तीन कलमे काढून वाचावीत. केवळ तपासणीसाठी रुग्णालयात राहिल्यास तो खर्च बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो, आणि झोपेची चाचणी अनेकदा त्यातच धरली जाते. घरी वापरायचे सीपॅप यंत्र न-मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत असते. आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ असतो, ज्याची कमाल मर्यादा २०२४ मध्ये ४८ महिन्यांवरून ३६ वर आणली गेली. हा काळ टाळायला निदान लपवण्याचा सल्ला एजंट हळूच देतात. तो घेऊ नये. पुढे हृदयाचा दावा आला की जुने अहवालच आधी मागतात.

वडिलांना हाच विकार होता की नाही हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मेयो क्लिनिकच्या २००५ च्या एका अभ्यासात, या विकाराच्या रुग्णांपैकी ज्यांना अचानक हृदयविकाराने मृत्यू आला, त्यांतले ४६ टक्के मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात गेले होते. हा विकार नसलेल्यांत ते प्रमाण २१ टक्के होते. हा आकडा मी आईला सांगितलेला नाही. दादाला सांगितला. तो इचलकरंजीतच असतो, माग चालवतो, रोज चाळीस किलोमीटर मोटारसायकल मारतो आणि वडिलांसारखाच घोरतो. "तुम्हा परदेशातल्यांना काहीतरी नवीन रोग लागतात," असे म्हणून त्याने वर्षभर टाळले. शेवटी मी वहिनींना हिने केलेले माझे ध्वनिमुद्रण पाठवले. त्यांनी दादाचे तसेच करून त्याला ऐकवले. गेल्या मंगळवारी तो मिरजेला चाचणीला गेला, डोक्याला तेल न लावता. अहवाल अजून यायचा आहे.